चार हजार आठशे बारा पत्रे आणि एक छत्री

सोमवार, सकाळ
वाचनालयाची मागची खोली

ज्यांच्या नावाने आयुष्यात एकदा तरी "कृपया या पत्राला उत्तर देऊ नये" असे पत्र आले आहे, त्या सर्व अपमानित बंधुभगिनींपैकी एक असलेले आदरणीय भावोजी यांस नमस्कार.

वीज कंपनी आपल्याला लिहिते आणि उत्तर देऊ नका म्हणते. बँक लिहिते, विमावाले लिहितात, चष्म्याचा दुकानदार वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो आणि खाली बारीक अक्षरात बजावतो की या पत्त्यावर कोणी वाचत नाही. जो माणूस बोलायला येतो आणि कान घरी ठेवून येतो, त्याला आपण पूर्वी हुकूमशहा म्हणत होतो. हल्ली त्याला ग्राहक सेवा म्हणतात. या एका मुद्द्यावर तुमचे आणि माझे कधीच दुमत नव्हते, म्हणून पत्राची सुरुवात इथून केली. (बाकीचे मुद्दे पुढे येतीलच. पत्र लांब आहे. पाठीशी उशी घ्या.)

तुमची कंबर कशी आहे? ताई फोनवर म्हणाली की सकाळी उठताना अजून धरते, पण दिवसभर गॅलरीत बसून खाली चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांचे नंबर वहीत लिहिण्याइतकी ती बरी आहे. वाचून (म्हणजे ऐकून) आनंद झाला. माझा डावा गुडघा सध्या स्वतंत्र विचारांचा झाला आहे, त्याचे कारण पुढे येईल. ताईचे ब्लडप्रेशर तिच्या सांगण्यानुसार उत्तम आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार नाही. आता चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची खुशाली मला फोनवरून तिच्याकडून काढून घ्यावी लागते, हे शोभण्यासारखे नाही, पण ते तसे का झाले हे आपण दोघेही जाणतो. तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत तुम्ही चिटणीस म्हणून अहवाल वाचत होतात, आणि मी श्रोत्यांतून उभी राहून म्हणाले की आपले चिटणीस म्हणजे कुलूप लावलेले कपाट आहे आणि किल्ली आतच राहिली आहे. सभागृह दोन मिनिटे हसत होते. तुम्ही कागद नीट रचलेत, चष्मा डबीत ठेवलात आणि निघून गेलात. छत्री विसरलात. ती अजून माझ्या टेबलामागच्या खुंटीवर आहे. तुमची खुर्ची मला मिळाली, छत्रीही मिळाली, तुम्ही मात्र मिळाला नाहीत.

असो. आता संकटाकडे वळते. आपला वाचनकक्ष जायच्या बेतात आहे. आपले अध्यक्ष, म्हणजे दंतवैद्य, (जगात हा एकच माणूस मी पाहिला जो लोकांना तोंड उघडायला लावतो आणि मग बोलू देत नाही) त्यांना तो कक्ष सोफ्यांच्या दुकानाला द्यायचा आहे. पुस्तके वरच्या माळ्यावर राहतील म्हणतात, आणि ज्यांना वर्तमानपत्र वाचायचे आहे त्यांनी सोफ्यावर बसून वाचावे. मी विचारले, सोफा विकला गेला की वाचक कुठे बसायचा? म्हणाले, "बाई, तुम्ही प्रत्येक गोष्टीला विरोध करता." मी म्हटले, प्रत्येक गोष्ट तुम्हीच सुचवता. त्या कक्षात कोपऱ्यातल्या टेबलावर रोज एक नर्स येऊन परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या घरी एका खोलीत पाच माणसे आणि एक टीव्ही आहे. तिला मी काय सांगू? तीन आसनी सोफ्याच्या मधल्या आसनावर बसून शरीरशास्त्र वाच?

निर्णय येत्या रविवारच्या सभेत व्हायचा आहे. कक्ष वाचवण्याचा ठराव मी मांडणार. पण सभा कायदेशीर व्हायची तर तीनशे बारा सभासदांपैकी प्रत्येकाला चौदा दिवस आधी नोटीस पोचली पाहिजे. एकालाही पोचली नाही तर सभा रद्द, आणि सभा रद्द झाली तर निर्णय कार्यकारिणी घेणार. कार्यकारिणीत अध्यक्षांचे पाच पेशंट आहेत आणि पाचही जणांची दातांची कामे अर्धवट आहेत. ते कोणत्या बाजूने हात वर करतील हे सांगायला मला पंचांग लागत नाही.

शिवाय गेल्या वर्षी अध्यक्षांनी एक दुरुस्ती करून घेतली होती. नोटीस यापुढे संस्थेच्या ई-मेलवरून जाईल, आणि ई-मेल पोचणार नाही तिथेच ती हाती द्यायची, सही घेऊन. या दुरुस्तीच्या बाजूने मी स्वतः अर्धा तास बोलले. (प्रगतीचा विषय निघाला की माझे भान सुटते, हे तुम्ही पूर्वी म्हणत होतात. तेव्हा मला राग आला होता. तो राग मी अजून जपून ठेवला आहे, फक्त आता तो कोणावर काढावा हे कळत नाही.) तेव्हा आपले पत्र फुकटच्या ई-मेल सेवेवरून जात असे. मी नोटिशीचा मसुदा चाचणी म्हणून स्वतःला पाठवून पाहिला. माझ्या सहीखाली त्या सेवेने आपणहून एक जाहिरात चिकटवली होती. सोफ्याची. त्या क्षणी मी ठरवले की आपली पत्रे आपल्याच दारातून निघतील, आपल्याच पत्त्याने निघतील, आणि ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याला उत्तर देता येईल अशीच निघतील. थोडक्यात, वाचनालयाचा स्वतःचा मेल सर्व्हर. बाहेर जाणाऱ्या टपालाचे आपले स्वतःचे पोस्ट ऑफिस.

सर्व्हर म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. मीही तसेच विचारले होते. सर्व्हर म्हणजे एक्सरे क्लिनिकने टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर, जो आता मागच्या खोलीत बांधीव वर्तमानपत्रांच्या रॅकवर, गळक्या नळापासून हातभर अंतरावर बसला आहे आणि पावशेर दळण काढल्यासारखा आवाज करतो. तो लावायला सभासदांतले लिफ्टवाले आले. (लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टमध्येही हल्ली कॉम्प्युटर असतो, त्यामुळे त्यांना दोन्हीकडचे कळते. माणूस अतिशय कमी बोलतो. मला वाटते की आयुष्यभर लोकांना बंद डब्यातून बाहेर काढल्यावर माणूस असाच होत असेल.) त्यांनी मला आधी मेल कसे जाते ते दाखवले, आणि भावोजी, मी थक्क झाले. एक यंत्र दुसऱ्या यंत्राचे दार ठोठावते. आधी नमस्कार करते, मग आपले नाव सांगते. मग सांगते की पत्र कोणाकडून, कोणाला. प्रत्येक वाक्याला समोरचे यंत्र "ठीक" म्हणते. मग मजकूर सुरू होतो, आणि तो कधी संपला हे समोरच्याला कसे कळते? एका ओळीवर नुसते एकटे टिंब. जोवर ते टिंब येत नाही तोवर समोरचा निमूटपणे ऐकत राहतो, मध्ये खोकत नाही, घड्याळ बघत नाही. अशा श्रोत्याच्या शोधात मी चाळीस वर्षे हिंडले आणि तो निघाला एका भंगार डब्यात. मी लिफ्टवाल्यांना तसे म्हटले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही ते टिंब विसरू नका म्हणजे झालं."

पहिल्याच दिवशी कळले की आपले दार बाहेरून बंद आहे. मेल ज्या दारातून बाहेर पडते त्याचा नंबर पंचवीस, आणि इंटरनेट कंपनीने तो आपल्या जोडणीवर अडवून ठेवला होता. मी फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "मॅडम, पंचवीस नंबर सगळ्यांना बंदच असतो. लोक त्यातून नको ती पत्रं पाठवतात." मी विचारले, नको ती म्हणजे कोणाला नकोत, आणि हे ठरवायचा अधिकार तुमच्या कंपनीला कोणत्या लोकसभेने दिला? मग मी टपालाच्या गुप्ततेचा इतिहास थोडक्यात सांगितला. (राजे लोक पत्रे वाफेवर उघडून वाचत तिथपासून.) वीस मिनिटांनी ती म्हणाली, "मॅडम, फॉर्म पाठवला आहे. तुम्ही फोन केलात तेव्हाच पाठवला होता." फॉर्म भरला, दोन दिवसांनी दार उघडले.

मग आले दाखले. नव्या सर्व्हरवर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ते मला पटते, कारण मीही ठेवत नाही. एक दाखला जाहीर लावायचा की आमच्या नावाने पत्र टाकायचा हक्क फक्त या यंत्राला आहे. दुसरा असा की प्रत्येक पत्रावर आमची मोहोर असेल आणि ती कशी ओळखायची. तिसरा असा की मोहोर खोटी निघाली तर पत्राचे काय करावे, आणि त्यात तीन पर्याय आहेत: दुर्लक्ष करा, बाजूला ठेवा, हाकलून द्या. मी अर्थातच हाकलून द्या म्हटले. लिफ्टवाल्यांनी न बोलता "दुर्लक्ष करा" लिहिले. म्हणाले की पहिले काही दिवस आपल्याच मोहरेत चूक निघते आणि माणूस स्वतःलाच हाकलतो. (हे ते सर्व्हरबद्दल बोलत होते. तरी मी ते वहीत टिपून ठेवले.) पुन्हा इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्त्यासारखा एक नंबर असतो; आपल्या यंत्राच्या नंबरावरून नाव विचारले की ते "ग्राहक एकशे सदतीस" असे सांगत होते. शहाण्णव वर्षांची संस्था आणि नाव काय, तर ग्राहक एकशे सदतीस. त्यासाठी पुन्हा फोन. त्याच मुलीने उचलला. या वेळी तिने नमस्काराच्या आधीच फॉर्म पाठवला.

पहिले चाचणीचे पत्र मी ताईला पाठवले. विषय लिहिला होता, "जागे व्हा. ही शेवटची संधी आहे." ते तिच्याकडे पोचले, पण नकोशा पत्रांच्या पेटीत, एका लॉटरीच्या आणि एका वजन घटवण्याच्या गोळ्यांच्या मध्ये. मी लिफ्टवाल्यांना विचारले, यंत्राला माझ्या पत्रात काय दिसले? त्यांनी पत्र वाचले आणि म्हणाले, "बाई, असं जगात दोघंच लिहितात. एक तुम्ही, दुसरे टकलावर केस उगवायचं तेल विकणारे." मी "त्वरा करा" काढले, "आपले भवितव्य आपल्या हाती" काढले, "आता नाही तर कधीच नाही" काढले. "सभेची सूचना" एवढेच उरले. ते ताईच्या मुख्य पेटीत बिनबोभाट जाऊन बसले. माझी वाक्ये ऐकून पूर्वी संपात लोकांनी कारखान्याची फाटके बंद केली आहेत, भावोजी, आणि आता एक चाळणी मला सांगते की यातले काहीच नको.

आता माझी चूक. लपवत नाही. तुम्ही चिटणीस असताना केलेला नियम सात तुमच्या लक्षात असेल: "वाचनालयास आलेल्या प्रत्येक पत्रास त्याच दिवशी पोच देण्यात यावी." त्यासाठी तुम्ही जांभळ्या शाईचा शिक्का करून घेतला होतात आणि रोज संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी ठपाठप मारत बसायचात. पतंगाच्या दोऱ्याबद्दल तक्रार करणाऱ्या मुलालासुद्धा तुम्ही पोच दिली होती. हा नियम मी कधी मोडला नाही. आपले मतभेद आहेत, पण नियम उत्तम आहे: जो लिहितो त्याला कळले पाहिजे की कोणीतरी वाचले. म्हणून मी म्हटले की सर्व्हरने नियम सात पाळलाच पाहिजे. पत्र आले की तत्क्षणी आपोआप पोच जावी: "आपले पत्र मिळाले. आपण वेळ काढून लिहिलेत याबद्दल वाचनालय ऋणी आहे. लिहीत राहा." लिफ्टवाल्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. (हे त्यांचे सर्वांत लांब भाषण होते, म्हणून जसेच्या तसे देते.) म्हणाले, "बाई, यंत्राला आभार मानायला लावू नका. माणूस आभार मानून कंटाळतो. यंत्र कंटाळत नाही. निदान एका माणसाला दिवसाला एकच पोच, एवढं तरी लिहू द्या." मी म्हटले, दिवसात दोन पत्रे लिहिणाऱ्याचा आपण अपमान करायचा? ते म्हणाले, "लिहीत राहा, हे तरी काढा." मी म्हटले, तेच तर मुख्य आहे. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

गुरुवारी वाचनालय बंद असते. शांततेत काम होईल म्हणून अकरा दिवसांपूर्वीच्या गुरुवारी मी दुपारी बारा वाजता नोटिसा सोडल्या. नव्या सर्व्हरने एकदम तीनशे दारे ठोठावली तर जग बिथरते, म्हणून दर अर्ध्या तासाला वीस, सभासद क्रमांकाप्रमाणे. पहिली वीस गेली ती मी डोळ्यांनी पाहिली. दिवा लुकलुकत होता. मग मी दाराला कुलूप लावून घरी गेले, जेवले, आणि चारच्या सुमारास आरशासमोर सभेतल्या भाषणाची तालीम केली. तो दिवस माझ्या आयुष्यातला फार सुखाचा होता.

शुक्रवारी सकाळी आले तर लिफ्टवाले रॅकपुढे उभे राहून पडद्यावरची नोंद वाचत होते. मी विचारले, गेल्या सगळ्या? म्हणाले, "ऐंशी गेल्या. पण बाई, तुमचा कोणाशी तरी फार जोरात पत्रव्यवहार चाललाय." मी म्हटले, कोणाशी? त्यांनी बोट दाखवले. सभासद क्रमांक अकरा. क्रमांक अकराला बारा वाजता नोटीस गेली. त्याच्या पेटीने तत्क्षणी आपोआप उत्तर दिले की मी सध्या बाहेर आहे, परत आल्यावर सविस्तर उत्तर देईन. आपल्या सर्व्हरला ते पत्र मिळाले. नियम सात. पोच: आपण वेळ काढून लिहिलेत याबद्दल ऋणी आहोत, लिहीत राहा. क्रमांक अकराच्या पेटीला हे पत्र मिळाले. मी सध्या बाहेर आहे. पोच. बाहेर आहे. पोच. एकाने दार उघडून "कोणी नाही" म्हणायचे, दुसऱ्याने "आभारी आहे" म्हणून पुन्हा घंटी वाजवायची. मी जेवत होते तेव्हा हे चालू होते. हात धुवून बडीशेप शोधत होते तेव्हाही चालू होते. दोन तासांत चार हजार आठशे बारा पत्रे, त्यातली निम्मी आपली. लिफ्टवाल्यांनी एवढेच विचारले, "लिहीत राहा, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?" (क्रमांक अकराचे नाव मी शेवटी लिहीन. आत्ता लिहिले तर पत्राचा तोल जाईल.)

क्रमांक अकराचा ई-मेल पत्ता त्यांच्या जुन्या कचेरीतला आहे. तिथल्या टपाल सांभाळणाऱ्या माणसाने दोन वाजता वैतागून आपल्या यंत्राचा नंबर एका काळ्या यादीत नोंदवला. ही यादी कोणी नेमलेली नाही, कोणी निवडलेली नाही, पण जगातल्या सगळ्या टपालपेट्या पत्र घेण्यापूर्वी तिच्यात डोकावतात. आपण त्या यादीत केसांच्या तेलवाल्यांच्या शेजारी बसलो आणि उरलेल्या दोनशे बत्तीस नोटिसा दारोदारून परत आल्या. अध्यक्षांना बातमी लागायला अर्धा तास पुरला. स्वतः आले. तोंड गंभीर आणि डोळे पेढे वाटल्यासारखे. म्हणाले, "बाई, नोटिशीला परवाचा रविवार ही शेवटची तारीख. दोनशे बत्तीस घरं. आता थोडं दुखेल, पण होऊन जाऊ द्या." मी म्हटले, तुम्ही भूल न देता काढताय, हे लक्षात आले आहे माझ्या.

यादीतून नाव काढायचे तर एक फॉर्म असतो. तीन प्रश्न: काय घडले, चूक कोणाची, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. मी बसले आणि लिहिले. नियमाविना नेमलेल्या याद्यांचा धोका, आरोपीला बाजू मांडण्याचा हक्क, यंत्रांच्या दोषासाठी संस्थेला शिक्षा देण्यातला अन्याय. आठ पाने झाली. फॉर्म पाचशे अक्षरे घेतो. पाचशे अक्षरांत मी आजवर प्रास्ताविकातला पहिला श्वाससुद्धा सोडलेला नाही. काटछाट करत गेले. आधी इतिहास गेला, मग तत्त्वे गेली, मग विशेषणेही गेली. उरले होते: "आमच्या यंत्राने थांबायचे कधी हे ठरवून दिले नव्हते. चूक माझी. आता एका माणसाला दिवसाला एकच पोच जाईल." लिफ्टवाल्यांनी वाचून मान डोलावली. उत्तर आले की सात दिवसांनी बघू.

सात दिवस नव्हते. तीन होते. म्हणून नोटिसा छापल्या आणि वाटायला निघालो: मी, लिफ्टवाले, आणि कामावर जाण्यापूर्वी दोन तास ती नर्स. लिफ्टवाल्यांनी उंच इमारती घेतल्या आणि सगळ्या लिफ्ट त्यांना ओळखत असल्यासारख्या चालल्या. नर्सने एका दिवसात साठ घरे केली, कारण ती दारात फक्त "इथे सही करा" म्हणते. मी पहिल्या दिवशी नऊ केली. दारे उघडली जात होती, माणसे समोर उभी होती, मी काय नुसती नोटीस देऊन निघू? (एका घरी तिसऱ्या मजल्यावर मी दुसऱ्या मुद्द्यावर असताना गृहस्थांनी माझ्यासाठी खुर्ची आणली, आणि चौथ्या मुद्द्यावर स्वतःसाठी.) दुसऱ्या दिवशी नर्सने मला बजावले, "बाई, दाराला एक वाक्य." दाराला एक वाक्य घेऊन मी सत्तेचाळीस घरे केली. गुडघा तिथे गेला. रविवारी साडेपाचला शेवटची सही मिळाली, एका शिंप्याची, टेप गळ्यात, सुई ओठांत. त्याने सुई काढून विचारले, "बाई, ई-मेल का नाही केलं?"

दोनशे बत्तीस सह्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्यांनी दोनदा मोजल्या. सभा होणार. गेल्या शुक्रवारी काळ्या यादीतूनही नाव निघाले आणि सर्व्हर आता सभ्य माणसासारखा एकदाच आभार मानतो. सर्व कुशल आहे. ताईला माझा नमस्कार, आणि गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या आहेत, नंतर नाही, हे तिला तुम्ही सांगा. माझे ती ऐकत नाही.

आपली,
मेहुणी, आणि तुमच्यानंतरची चिटणीस

ता. क. सभासद क्रमांक अकरा तुम्ही आहात. हे तुम्ही कधीच ओळखले असेल, पण मला लिहायलाच हवे. सभेतून निघून गेलात त्याच संध्याकाळी तुम्ही जुन्या कचेरीच्या पेटीवर "मी सध्या बाहेर आहे" लावलेत आणि तीन वर्षे घरात बसून बाहेर आहात. मी नीट विचार केला. त्या गुरुवारच्या पत्रव्यवहारात माझा तसा संबंधच नव्हता. एका बाजूने तुमचा नियम लिहीत होता आणि दुसऱ्या बाजूने तुमचा रुसवा. दोघेही इतके शिस्तीचे की कोणीच आधी थांबेना. तरी माझ्याही हिशेबी एक गोष्ट येते. दोन हजार चारशे सहा वेळा तुम्ही मला कळवलेत की परत आल्यावर सविस्तर उत्तर देईन. तीन वर्षांत तुमच्याकडून आलेले एवढेच शब्द आहेत, आणि मी ते सगळे वाचले. सगळे सारखेच होते. तरी वाचले.

ता. क. दुसरा. नियम चार तुम्हाला पाठ असणार, तोही तुमचाच. वाचनकक्षाबाबत ठराव मांडणारा आणि त्याला अनुमोदन देणारा, दोघांनीही चिटणीसपद सांभाळलेले असावे. (हा नियम तुम्ही का केलात हे मला तेव्हाच कळले होते. आपल्यावाचून संस्थेचे अडले पाहिजे असे प्रत्येकाला वाटते, मलाही वाटते.) जिवंत चिटणीस दोन आहेत. एक हे पत्र लिहिते आहे. अनुमोदन मिळाले नाही तर तीनशे बारा नोटिसा, दोनशे बत्तीस सह्या आणि माझा गुडघा, सगळे सोफ्यात गेले. अध्यक्षांना हा नियम ठाऊक आहे. ते निर्धास्त आहेत, कारण त्यांनाही वाटते की तुम्ही बाहेर आहात.

ता. क. तिसरा. वरचे सगळे पुन्हा वाचले आणि लक्षात आले की आठ पानांत मुख्य गोष्ट राहूनच गेली. म्हणून फॉर्म भरते, पाचशे अक्षरांच्या आत.
काय घडले: एक माणूस उभा राहून अहवाल वाचत होता आणि मी हशा मिळवला.
चूक कोणाची: माझी. कपाटाची उपमा मी मागे घेत नाही, ती चांगली होती. पण ती तुम्हाला घरी, चहा पिताना सांगायची होती, सभेत नाही.
पुन्हा होऊ नये म्हणून काय केले: रविवारी मी एकच वाक्य बोलणार आहे. उरलेले तुम्ही बोलायचे. थांबायचे कधी हे नर्स खूण करून सांगेल, ती पहिल्या रांगेत बसणार आहे.

छत्री मी पाठवणार नाही. ती खुंटीवर आहे, न्यायला यावे लागेल. पण ते रविवारचे. आज फक्त एवढे करा: ताईकडून चष्मा मागून घ्या, जुन्या कचेरीची पेटी उघडा, आणि "मी सध्या बाहेर आहे" यापुढची बरोबरची खूण काढून टाका.